क्लच दाबला की आवाज कुठं जातो?

(चाळीसगावात गॅरेजवाल्या मुलांसमोर केलेलं बोलणं. लिहिताना थोडं आवरून घेतलं आहे.)

आपल्याकडं गिऱ्हाईक मोटरसायकल स्टँडला लावतं आणि एकच सांगतं, ‘भो, गाडी खडखड करस.’ तेवढ्यावर आपला पाना निघतो, उजवीकडचं क्लचचं कव्हर खाली. मीही तेच करायचो. एका दूधवाल्याची गाडी आली, आवाज ऐकला न ऐकला, क्लच प्लेटचा, म्हणजे इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या चकत्यांचा, सेट टाकला, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो भरलेल्या कॅनसकट दारात उभा. आवाज जसाच्या तसा. जुन्या प्लेटा चांगल्या होत्या, त्याचे पैसे मी पाण्यात घातले होते. त्या दिवसापासून कव्हर उघडायच्या आधी मी क्लचची लिव्हर दाबून बघतो.

गाडी दहा मिनिटं फिरवून गरम करा. थंड गाडीवर निदान करू नका. घट्ट तेलात प्लेटा एकमेकींना चिकटतात आणि लिव्हर दाबली तरी गिअरबॉक्समधला दांडा, म्हणजे मेन शाफ्ट, फिरत राहतो. मग न्यूट्रल, आणि आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन चालू. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्लचच्या कव्हरवर टेकवा, मूठ कानाला लावा, आणि दुसऱ्या कुणाला तरी लिव्हर हळूहळू दाबायला सांगा.

लिव्हर सोडलेली असताना घरघर आहे, रेस दिली की वाढते, पूर्ण दाबली की बसते? गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टचं बेअरिंग बघा. न्यूट्रलमध्ये क्लच सुटलेला असला की तो शाफ्ट फिरत असतो, दाबला की मंदावतो. उलट दाबल्यावरच किरकिर सुरू झाली तर प्लेटा दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवरचं छोटं रिलीज बेअरिंग. लिव्हरनं आवाजात काडीचा फरक पडत नसेल, तर आवाज इंजिनातल्या व्हॉल्व्हकडचा, टायमिंग चेनचा नाहीतर टॅपेटचा. तिथं क्लच खोलायचा नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो.

राहिली आयडलवरची खडखड, जी थोडी रेस दिली की विरते आणि लिव्हर दाबली की बदलते, पण पुरती जात नाही. ही खरी फसवी. एका सिलिंडरचं इंजिन क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतं, म्हणून आयडलला क्रँक एकसारखा फिरत नाही, हिसके देत फिरतो. ते हिसके पचवायला क्लच हाउसिंग (प्लेटा बसतात ती टोपली) आणि त्याच्या मोठ्या गिअरच्या मध्ये स्प्रिंगा किंवा रबर असतात, आणि सगळं रिव्हेटांनी धरलेलं. स्प्रिंगा ढिल्या पडल्या, रिव्हेट हलले, की गिअर आणि हाउसिंग एकमेकांवर आपटतात. हाउसिंग क्रँकला कायम जोडलेलं, म्हणून लिव्हर दाबून ते गप्प होत नाही. दूधवाल्याच्या गाडीत हेच होतं.

आता थरथर. औट्रम घाटात डबल सीट चढताना गाडी उचलतेवेळी अंग झाडते, आणि सगळे म्हणतात क्लच गेला. थांबा. इंजिन बंद, गाडी मेन स्टँडवर, गिअर टाका आणि मागचं चाक हातानं पुढं-मागं हलवा. स्प्रॉकेट (मागचं चेनचं दातेरी चक्र) जागेवर आणि चाक भसाभस हलतंय? हबमधले रबर गेले. केळीचे घड वाहणाऱ्या रावेर-यावलकडच्या गाड्यांत मला हे क्लचपेक्षा जास्त सापडलं आहे. चेन ढिली असली तरी असाच झटका बसतो. हे दोन्ही ठीक असेल तरच कव्हर उघडा.

उघडल्यावर स्टील प्लेट जाड काचेवर ठेवा आणि खाली फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सारून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांना 0.2 मिलिमीटरच्या वर वाक चालत नाही, तरी मॅन्युअल उघडा. निळे डाग दिसले तर मालक अर्ध्या क्लचवर घाट चढतो, हे त्याला न विचारता कळतं. मग हाउसिंगच्या खोबणीच्या कडेवरून नख ओढा. अडकलं तर प्लेटांनी तिथं पायरी पाडली आहे. प्लेटा तिच्यावर अडकतात आणि एकदम सुटतात, म्हणून झटका. पायरी बारीक असेल तर कानस चालते. खोल असेल तर कानस मारू नका, खाच रुंद होते आणि उद्या तीच गाडी खडखडत परत येते.

तेलाचं थोडक्यात. डब्यावर जासो (तेलाचं जपानी मानक) एमए किंवा एमए2 पाहिजे. एमबी हे कोरड्या क्लचच्या स्कूटरसाठी. आपल्या प्लेटा तेलात बुडालेल्या, त्यांना ते जास्त निसरडं पडतं. कारचं उरलेलं तेल ओतणारे अजून आहेत, मे महिन्यात ‘पातळ होतं म्हणून जाड टाकलं’ म्हणतात. नव्या प्लेटा मात्र बसवण्याआधी तेलात भिजत ठेवा. जुन्या लोखंडी इंजिनाच्या बुलेटचा क्लच डावीकडं आणि मध्ये प्रायमरी चेन. तिथली खडखड आधी चेनमध्ये शोधा.

आता हे हाउसिंग घ्या, हातोहात फिरवा. एका हातानं गिअर धरा, दुसऱ्यानं हाउसिंग पिळा. खटखट लागते ना? आता उलटं करा. एका रिव्हेटाभोवती काळसर चकाकणारं कडं आहे, तिथं अंगठा ठेवून पुन्हा पिळा.