बेंबीतली कठीण गाठ

श्रोतेहो, नमस्कार. पोट दुखू लागले, भूक मंदावली, की ‘बेंबी सरकली असेल’ असे म्हणून तेल लावून पोट चोळण्याची रीत आपल्या विदर्भातील गावांमध्ये आजही आहे. आज त्याच बेंबीविषयी बोलायचे आहे. बेंबीत नव्याने आलेली, दाबूनही आत न जाणारी कठीण गाठ ही कधी कधी पोटातल्या कर्करोगाची बाहेर दिसणारी खूण असते. हा कर्करोग अनेकदा जठराचा असतो आणि स्त्रियांमध्ये बऱ्याचदा अंडाशयाचा.

या खुणेमागे एका परिचारिकेची गोष्ट आहे. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर या गावाची १८८३ साली चक्रीवादळाने मोठी हानी केली. जखमींची शुश्रूषा करणाऱ्या तेथील ख्रिस्ती संन्यासिनींनी गावात रुग्णालय हवेच, असा ध्यास घेतला आणि १८८९ साली सेंट मेरीज रुग्णालय उघडले. त्याच वर्षी शाळेत शिकवणाऱ्या एका संन्यासिनीला तेथे सेवेसाठी बोलावण्यात आले. तिचे मूळ नाव ज्युलिया डेम्प्सी आणि मठातले नाव सिस्टर मेरी जोसेफ. शुश्रूषेचे काम ती तेथेच शिकली आणि पुढे विल्यम मेयो या विख्यात शल्यचिकित्सकाची शस्त्रक्रियेतील प्रमुख सहायक झाली. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाचे पोट जंतुनाशकाने स्वच्छ करताना तिच्या हाताला काहींच्या बेंबीत कठीण गाठ लागे, आणि पोट उघडल्यावर नेमका त्यांच्याच पोटात पसरलेला कर्करोग आढळे. तिने ही गोष्ट मेयोंच्या लक्षात आणून दिली. मेयोंनी १९२८ साली या गाठीविषयी लिहिले. सिस्टर मेरी जोसेफ १९३९ साली वारल्या आणि १९४९ साली हॅमिल्टन बेली या इंग्रज शल्यचिकित्सकाने त्या गाठीला त्यांचे नाव दिले.

आपल्या उपकेंद्रातील नर्सबाई आणि दारोदार फिरणारी आशाताई यांचे निरीक्षणही असेच मोलाचे असते. त्यांनी बोलून दाखवलेली शंका केस पेपरवर लिहिली गेली पाहिजे आणि त्यांचे मानधनही वेळच्या वेळी मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

कर्करोगाच्या पेशी पोटाच्या आतल्या आवरणावरून, लसिकावाहिन्यांतून किंवा रक्तातून बेंबीपर्यंत पोहोचतात. बेंबीतला प्रत्येक फुगवटा मात्र कर्करोग नसतो. हर्निया बहुधा मऊ असतो, खोकल्यावर फुगतो, आडवे झाल्यावर किंवा दाबल्यावर आत जातो. ही गाठ मात्र कठीण असते, आत जात नाही, कधी चिघळते आणि तिच्यातून रक्त किंवा पू येतो. पुन्हा सांगतो, कठीण आणि आत न जाणारी गाठ चोळू नये, डॉक्टरांना दाखवावी.

ही गाठ दिसते तेव्हा आजार बहुधा बराच पसरलेला असतो, म्हणून जठराच्या तक्रारी त्याआधीच ओळखणे महत्त्वाचे आहे. थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटणे, अन्नावरची वासना जाणे, वजन घटणे, वारंवार उलटी होणे, शौचाला डांबरासारखे काळे होणे, यांपैकी काहीही होत असेल तर पित्ताच्या गोळ्यांवर महिने काढू नयेत. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू दीर्घकाळ जठरात राहिल्यास या कर्करोगाचा धोका वाढतो. औषधांनी तो घालवता येतो. विडी-सिगारेटनेही धोका वाढतो. आणि पानठेल्यावरचा खर्रा तोंडाचा नाश करतो, हे मी प्रत्येक भाषणात सांगतो आणि सांगत राहीन.

बेंबीतल्या गाठीतून सुईने नमुना घेऊन निदान करता येते, तर जठराची तपासणी दुर्बिणीतून होते. त्यासाठी ग्रामीण रुग्णालयातून चिठ्ठी घेऊन नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय गाठावे. जाताना आधार कार्ड, शिधापत्रिका आणि जुने सर्व कागद सोबत ठेवावेत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी तेथील आरोग्यमित्राकडे करावी. आजार पसरलेला निघाला, तरी औषधोपचाराने काहींचे आयुष्य वाढते, पोटात साचलेले पाणी काढता येते आणि वेदनेवर मॉर्फिनसारखी प्रभावी औषधे मिळतात. ती डॉक्टरांकडे स्पष्टपणे मागावीत.