जंगलातला रेडिओ

[दृश्य: काळोख. झाडांच्या आकृत्या. रेडिओची खरखर.]

शनिवारची मध्यरात्र उलटून गेलीय. कोलंबियाच्या जंगलात एक माणूस जागा आहे. गळ्यात साखळी, साखळीचं दुसरं टोक झाडाच्या बुंध्याला. कानाशी छोटा ट्रान्झिस्टर, आवाज अगदी बारीक, कारण बॅटरी पुरवून वापरायची आहे. खरखर, पुन्हा खरखर, आणि मग एक बाई बोलू लागते. ती त्याची बायको नाही, दुसऱ्याच कुणाची. तरी तो ऐकत राहतो. न जाणो, पुढचा आवाज आपल्या घरचा असला तर?

2000 साली कोलंबियात वर्षभरात 3,000हून जास्त माणसं पळवली गेली. कुणाला खंडणीसाठी, कुणाला कैद्यांच्या अदलाबदलीसाठी. फार्क या बंडखोर संघटनेच्या छावण्यांत सैनिक होते, पोलीस होते, शेतकरी, आमदार, व्यापारी होते. काही जण दहा-दहा वर्षं तिथेच.

हा मध्यरात्रीचा कार्यक्रम सुरू कसा झाला, ती गोष्टही अपहरणाचीच आहे. 1994 साली एर्बिन ओयोस या रेडिओ पत्रकाराला बंडखोरांनी उचलून नेलं. कैदेत त्यांना झाडाला बांधलेला एक ओलीस भेटला. त्याच्याजवळ रेडिओ होता आणि मनात राग होता: तुम्ही पत्रकार आमच्यासाठी करता तरी काय? ओयोस 17 दिवसांनी सुटले आणि त्याच वर्षी त्यांनी ‘अपहृतांचे आवाज’ हा कार्यक्रम सुरू केला. रविवारी पहाटेपर्यंत घरचे लोक फोनवर यायचे, स्टुडिओत यायचे आणि बोलायचे. 2018पर्यंत, तब्बल 24 वर्षं.

आता जरा विचार करा, अशा वेळी बोलायचं काय? अपहरणकर्तेही हाच रेडिओ ऐकताहेत. सुटकेचं काही बोलता येत नाही, पैशांचं बोलता येत नाही. मग उरतं ते घरचं. पोरगी शाळेत जायला लागली. आईचं दुखणं बरं आहे. आम्ही वाट बघतोय. एरवी आपण असली वाक्यं अर्धवट कानांनी ऐकतो.

[दृश्य: लाल मातीचा रस्ता, दोन्ही बाजूंना झाडी.]

23 फेब्रुवारी 2002. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवार इंग्रिद बेतांकूर सान विसेंते देल काग्वानच्या रस्त्यावर पकडल्या गेल्या. महिनाभरात त्यांचे वडील वारले. ती बातमी त्यांना उशिरा कळली, तीही एका जुन्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावरून. आई मात्र रेडिओवर बोलत राहिली. लेक ऐकतेय की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

पळून जायचे प्रयत्न झाले. इंग्रिदही पळाल्या आणि पुन्हा पकडल्या गेल्या. जॉन फ्रँक पिंचाओ या पोलिसाला मात्र जमलं. साडेआठ वर्षांच्या कैदेनंतर, एप्रिल 2007मध्ये, तो रात्री निसटला आणि 17 दिवस जंगलातून वाट काढत राहिला. सिनेमात ही पाच मिनिटांची धावपळ असते. इथे चिखल, नद्या, उपास आणि दिशेचा पत्ता नाही. तो बाहेर आला आणि कोण कोण जिवंत आहे, हे जगाला सांगू शकला.

[दृश्य: हेडफोन लावलेला माणूस, समोर रेडिओ संच.]

बंडखोरांचं कामही रेडिओवरच चालायचं. म्होरक्याचा हुकूम ऑपरेटरकडून ऑपरेटरकडे जायचा, सांकेतिक भाषेत. लष्कराच्या गुप्तचर विभागाने ती भाषा फोडली, बोलण्याची ढब उचलली आणि मग मधेच स्वतः बोलायला सुरुवात केली. हुकूम असा गेला: वेगवेगळ्या ठिकाणचे ओलीस एकत्र आणा, एका मानवतावादी पथकाच्या हेलिकॉप्टरने त्यांना वरिष्ठांकडे न्यायचं आहे.

मोहिमेचं नाव ‘हाके’. बुद्धिबळातला शह.

2 जुलै 2008. ग्वाव्यारे प्रांतात पांढरं हेलिकॉप्टर उतरलं. आतल्या लोकांनी यासाठी अभिनयाची शिकवणी घेतली होती. एक पत्रकार बनला होता, एक कॅमेरामन. काहींच्या अंगात चे गेव्हारा या डाव्या क्रांतिकारकाचं चित्र असलेले टी-शर्ट. ते पाहून इंग्रिदच्या पोटात गोळाच आला. म्हणजे हेही त्यांच्यातलेच! ओलिसांचे हात बांधले, तेव्हा तर काही जण चढायलाच तयार होईनात. ज्यांना सोडवायला आले होते, त्यांच्याच विरोधामुळे मोहीम फसायची वेळ आली होती. पण ओलिसांना खरं सांगणार कसं? बंडखोर समोर उभे.

जमिनीवर गेली 22 मिनिटं. हेलिकॉप्टर वर उठलं, सोबत चढलेल्या दोन बंडखोरांना खाली पाडून जखडलं आणि कुणीतरी ओरडून सांगितलं: आम्ही लष्कराचे आहोत, तुम्ही सुटलात. 15 ओलीस. एकही गोळी झाडली नाही. आत इतक्या उड्या पडल्या की हेलिकॉप्टर कोसळतंय की काय असं वाटलं, असं इंग्रिदनी नंतर सांगितलं.

या मोहिमेत रेड क्रॉसचं चिन्ह वापरलं गेलं होतं. सरकारला ते नंतर कबूल करावं लागलं. ते चिन्ह पाहून माणसं बंदूक खाली ठेवतात. तो विश्वास असा खर्ची घालणं मला तरी खटकतं, सुटका कितीही मोठी असो.

[दृश्य: नदीकाठचं गाव. दुकानात रेडिओ वाजतोय.]

जंगलात अजून माणसं होती. 2010 साली लष्कराने एक गाणं तयार करून घेतलं. ऐकायला साधं, रेडिओवर रोज लागतं तसं. ‘हा निरोप ऐक, भावा’ अशा अर्थाच्या ओळीनंतर मागे सिंथेसायझरचे तुटक सूर येतात. टिक, टिक, टीऽऽक. कैदेतल्या बऱ्याच सैनिकांना मोर्स कोड, म्हणजे लांब-आखूड आवाजांची सांकेतिक लिपी, येत होता. त्या सुरांत निरोप होता: 19 जण सुटले, पुढची पाळी तुमची, धीर सोडू नका.

ते गाणं खेड्यापाड्यांतल्या 130हून जास्त छोट्या रेडिओ केंद्रांवरून वाजत राहिलं. छावणीत पहारेकऱ्याच्या रेडिओवरही तेच लागायचं, आणि त्याने ते बंद केलं नाही.