भुसावळला वेळेवर, पाचोऱ्याला उशिरा

मंडळी, प्रवासी गाड्या चालवण्याचं काम कराराने दुसऱ्याकडे दिलं तर त्याच्या कामावर देखरेख कशी ठेवायची, असा आजचा विषय जाहीर झालाय. त्याकडे येतोच. पण आधी एक हिशेब मांडू द्या. तो मनात बसला नाही तर करारातली कलमं वाचून हाती काही लागत नाही.

समजा, नाशिककडून येऊन भुसावळला संपणारी एक एक्स्प्रेस आहे. आत ९०० माणसं. चाळीसगावला ३०० उतरली, गाडी २४ मिनिटं लेट. पाचोऱ्याला २५० उतरली, २६ मिनिटं लेट. जळगावला आणखी २५०, लेट २४. उरलेली १०० माणसं भुसावळला १२ मिनिटं उशिरा पोचली. आपल्याकडे मेल-एक्स्प्रेसचा वक्तशीरपणा शेवटच्या स्थानकावर मोजतात आणि तिथे १५ मिनिटांची सूट धरतात. म्हणजे दप्तरी ही गाडी वेळेवर! आता माणसं गुणिले मिनिटं करा. चाळीसगावचे ७,२००, पाचोऱ्याचे ६,५००, जळगावचे ६,०००, भुसावळचे १,२००. बेरीज २०,९००, म्हणजे माणशी २३ मिनिटं. शेवटच्या पानावर जिलबी पडली म्हणून अख्खी पंगत जेवली, असं कोणी आचारी म्हणेल का?

जळगाव ते भुसावळ २४ किलोमीटर, मध्ये एकटं भादली स्टेशन. तेवढ्यात १२ मिनिटं भरून कशी निघाली? ड्रायव्हरने काही जादू केलेली नसते. रेल्वेच्या कामकाजी (आतल्या वापराच्या) वेळापत्रकात निव्वळ धावण्याच्या वेळेवर दोन भत्ते चढवतात: इंजिनिअरिंग अलाउन्स आणि ट्रॅफिक अलाउन्स. पहिला रुळाच्या कामासाठी वेग कमी करावा लागतो म्हणून, दुसरा पुढची लाइन मोकळी नसते म्हणून. ही मिनिटं जिथे काम चालू आहे, जिथे गर्दी आहे, तिथेच पडली पाहिजेत. पण मोजणी शेवटच्या स्थानकावर असली की ती शेवटच्या टप्प्यात जाऊन बसतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. कुठलंही वेळापत्रक घ्या. भुसावळला संपणाऱ्या गाडीला जळगावहून भुसावळला यायला किती वेळ दिलाय तो पाहा, आणि तिच्याच परतीच्या गाडीला भुसावळहून जळगावला जायला किती दिलाय तो शेजारी लिहा. मार्ग तोच, अंतर तेच. जो मोठा फरक दिसेल, त्यात ही राखीव मिनिटं सापडतील. आज घरी गेल्यावर करून बघा.

ब्रिटनने हाच धडा जवळपास पाव शतक घेतला. १९९३ च्या कायद्याने तिथे रूळ एकाकडे आणि गाड्या फ्रँचायझी, म्हणजे कराराने गाड्या चालवणाऱ्या, कंपन्यांकडे गेल्या. मोजमाप असं, की सगळे ठरलेले थांबे घेऊन गाडी शेवटच्या स्थानकावर ५ मिनिटांच्या आत पोचली की वेळेवर. लांब पल्ल्याला १० मिनिटं. २०१९ पासून तिथे प्रत्येक नोंदीच्या स्थानकावर, एका मिनिटाच्या आत आली का, हे मुख्य माप झालं. पद्धत तीच हवी. दुसरी पळवाट रद्द गाड्यांची. आदल्या रात्री १० च्या आत रद्द केलेली गाडी त्या दिवसाच्या वेळापत्रकातूनच निघून जायची, त्यामुळे रद्द गाड्यांच्या आकड्यात ती दिसायचीच नाही. फलाटावरच्या माणसाला मात्र गाडी नसतेच. करार लिहिताना ‘रद्द’ म्हणजे काय, हे प्रसिद्ध वेळापत्रकाशी बांधलं पाहिजे.

आता मिनिट कोणाच्या नावावर, हा प्रश्न. कंट्रोल ऑफिसातला चार्ट ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे. एका बाजूने वेळ, दुसऱ्या बाजूने स्टेशनं: कजगाव, नगरदेवळा, गाळण, पाचोरा. धावती गाडी म्हणजे तिरकी रेघ. गाडी उभी राहिली की रेघ वेळेच्या दिशेने सरळ. त्या प्रत्येक सरळ तुकड्याला कारण लावावं लागतं: सिग्नल, रूळ, इंजिन, डबा, चेन खेचणं, पुढे मालगाडी. (सावदा-रावेरच्या केळीची मालगाडी असेल तर तिलाही घाई असते, हे इथे कोणाला सांगायला नको.) ब्रिटनमध्ये ३ मिनिटांचा किंवा त्याहून जास्त असा प्रत्येक उशीर कुणाच्या तरी खात्यावर टाकतात आणि त्यावर दोन्ही बाजूंत पैशांची देवघेव होते. तीनच्या खालची दोन-दोन मिनिटं मात्र बेवारस राहतात आणि पाच स्टेशनांत दहा होतात. आपल्या जळगावला तर मध्य रेल्वे आणि ताप्ती लाइनची पश्चिम रेल्वे भेटतात. अशा हवाली करायच्या ठिकाणी वेळ हाताने भरायची असेल तर गाडी देणाऱ्याची नोंद एक आणि घेणाऱ्याची दुसरी होऊ शकते. म्हणून सिग्नलच्या डेटा लॉगरवरून, म्हणजे वेळ टिपणाऱ्या यंत्रावरून, आपोआप उतरलेली वेळच करारात ग्राह्य धरायची.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. कराराचं भराभर सांगतो.

२०२० मध्ये आपल्याकडे १२ गटांत १५१ खासगी गाड्यांसाठी निविदा काढण्याचं ठरलं होतं. तो बेत पुढे सरकला नाही, पण कागद पुन्हा निघेल तेव्हा हे बघा. प्रत्येक थांब्यावर मोजणी, आणि ती उतरणाऱ्यांच्या संख्येने गुणून. भत्त्यांची मिनिटं टप्प्यानुसार जाहीर. डबे ठरल्याइतके लागले का, हा वेगळा रकाना; १२ ऐवजी ८ डबे लावून वेळेवर आलेली गाडी पासवाल्यांच्या कामाची नाही. स्वच्छतेची तपासणी अचानक, आणि तीही गाडी सुटताना नव्हे, चार तास धावल्यावर. अपवादांची यादी बंद ठेवायची. ‘इतर कारणे’ हा शब्द आला की सगळं त्यातूनच वाहून जातं. दंड महिन्याच्या सरासरीवर नको, कारण चांगले पंचवीस दिवस वाईट पाच दिवसांना झाकतात.

भरपाई प्रवाशाच्या हातात. आयआरसीटीसीच्या तेजसला तासाच्या वर उशीर झाला तर १०० रुपये आणि दोन तासांच्या वर २५० रुपये अशी सोय २०१९ मध्ये केली होती. ब्रिटनमध्ये बऱ्याच कंपन्यांकडे १५ मिनिटांपासून पाव भाडं, ३० पासून अर्धं, तासापासून एकेरी तिकिटाचं पूर्ण परत मिळतं. अशा सोयीत उशीर प्रवाशाच्या उतरण्याच्या ठिकाणी मोजतात की गाडीच्या शेवटच्या ठिकाणी, हे आधी वाचायचं.

आणि शेवटचा मुद्दा धुळेकरांचा. मुंबईकडची गाडी चाळीसगावला १० मिनिटं लेट आली, तेवढ्यात धुळ्याची गाडी आपल्या वेळेवर सुटून गेली. मुंबईची गाडी पुढे भुसावळला सूट धरलेल्या १५ मिनिटांत बसते, धुळ्याची धुळ्याला वेळेवर पोचते. दोन्ही गाड्या दप्तरी वेळेवर, आणि धुळ्याचा माणूस चाळीसगावच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत बसलेला. जोडगाडी चुकली, हा रकाना करारात असायलाच हवा, आणि तो भरायचा चाळीसगावला.