गच्चीची किल्ली कुणाकडे?

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, पत्रिकेत विषय छापलाय ‘विद्यापीठाचा परिसर : देखभाल आणि निधी’. निधीवर येतोच. आधी मात्र एका किल्लीची गोष्ट सांगू द्या. कितीतरी वर्षं ती मनात ठेवून आहे.

तेव्हा मी एका विद्यापीठाच्या बांधकाम विभागात होतो. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर छताला ओल आली. आधी डाग, मग गिलाव्याचे पापुद्रे, मग थेंब. ग्रंथपाल बाईंनी कपाटांवर प्लास्टिक टाकलं, खाली बादल्या लावल्या आणि आम्हाला पत्र पाठवलं. आम्ही उन्हाळ्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग करून घेतलं. पावसात पुन्हा गळती. ठेकेदाराने हमीप्रमाणे आणखी एक थर दिला. तिसऱ्या पावसाळ्यात जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड भिजले. बाई एकेक पान सुटं करून पंख्याखाली वाळवत बसल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

खाली उतरलो तर बागेतले माळीकाका म्हणाले, “साहेब, त्या कोपऱ्यातल्या पायपाला पाणीच येत नाही. एवढा पाऊस पडतोय आणि माझा वाफा बघा.” तिथल्या मोठ्या वळचणीखालचा वाफा खरंच कोरडा होता. तीन वर्षं आम्ही छत बघत होतो. पाइप बघितला तो त्यांनी.

म्हटलं, आत्ताच वर जाऊ. पण गच्चीला कुलूप. सुरक्षारक्षक म्हणाले, किल्ली विद्युत विभागाकडे. विद्युत विभाग म्हणाला, अँटेना बसवणाऱ्यांनी नेली. दीड तास गेला. वर पोचलो तर घोटाभर पाणी, आणि पन्हळीच्या तोंडाची जाळी पानांनी आणि आमच्याच वॉटरप्रूफिंगच्या सिमेंटने बुजलेली. माळीकाकांनी हात घालून ती मोकळी केली. घळघळ आवाज आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत इतका सुंदर आवाज मी ऐकला नाही.

दुसऱ्या दिवशी सगळी कागदपत्रं टेबलावर मांडली. सफाईच्या ठेक्यात मजले, जिने, स्वच्छतागृहं. उद्यान विभागाकडे जमिनीवरचं सगळं. स्थापत्य विभाग तक्रार आल्यावर दुरुस्ती करणार. ती वीतभर जाळी कुणाच्याच यादीत नव्हती.

इथे किती जणांनी आपल्या इमारतीची गच्ची पाहिली आहे? हात वर करा. चार. बरं, भर पावसात? एकही नाही. या पावसाळ्यात जाच. छत्री मी देतो.

माळीकाकांवरून आठवलं. जमिनीवर वावरणाऱ्यांना जे कळतं ते नकाशात नसतं. हिरवळीवर ‘चालू नये’ची पाटी लावतो आणि तिच्याच शेजारून पायवाट पडते. ती वाट म्हणजे वापरणाऱ्यांनी केलेली सूचना असते. शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत २००३ मध्ये वास्तुविशारद रेम कूल्हास यांनी रचलेलं विद्यार्थी केंद्र उघडलं. मोकळ्या जागेत विद्यार्थ्यांच्या पायांनी पडलेल्या वाटाच त्यांनी इमारतीच्या आत मार्ग म्हणून घेतल्या. आपल्याकडे मात्र कुंपण घालतात. त्याचा मला फार राग येतो, त्यावर अजून पुष्कळ...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. तर निधी.

पाणी काँक्रीटमध्ये मुरलं की सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. वरून डाग दिसतो तेव्हा आत बराच उशीर झालेला असतो. डी सिटर या अभियंत्यांनी १९८४ मध्ये याचा हिशेब ‘पाचपटीचा नियम’ म्हणून मांडला : बांधताना नीट केलं तर १ रुपया, वेळच्या वेळी देखभाल केली तर ५, बिघाड दिसू लागल्यावर २५, सगळं हाताबाहेर गेल्यावर १२५. आकडे ढोबळ आहेत, दिशा खरी आहे.

मग दरवर्षी किती ठेवायचे? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिल या सल्लागार संस्थेने १९९० मध्ये सार्वजनिक इमारतींसाठी सांगितलं : इमारती आज नव्याने बांधायला जो खर्च येईल, त्याच्या २ ते ४ टक्के. मूळ बांधकामाच्या खर्चावर हे मोजू नका, चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यात आज रंगही होत नाही. देणगीदार नव्या इमारतीला पैसे देतो, जाळीला कुणी देत नाही. म्हणून मंजुरीच्या ठरावातच देखभालीची रक्कम लिहा. ती लिहिता येत नसेल तर आधी रिकाम्या खोल्या मोजा. वेळापत्रक नीट लावलं तर पुष्कळदा नवी इमारत लागतच नाही. आणि परिसर समितीत एक माळी आणि एक सफाई कामगार घ्या, मताच्या अधिकारासह.

घंटा झाली. पावसाळ्याआधीच्या पाहणीचा एकपानी तक्ता दाराशी ठेवलाय. तो गच्चीपासून सुरू होऊन खाली उतरतो. पहिल्याच ओळीत किल्ली कुणाकडे आहे ते लिहायचं आहे. एकेक घेऊन जा.