दगडांचा सातबारा

झारखंडच्या खुंटी भागातल्या मुंडा आदिवासींच्या गावांत मोठ्या सपाट शिळा दिसतात. छोट्या दगडांवर आडवी टेकवलेली अशी शिळा म्हणजे सासनदिरी. तिच्याखाली गावच्या किलीतल्या, म्हणजे कुळातल्या, मृतांच्या अस्थी आहेत. रान तोडून ज्यांनी गाव वसवलं त्या खुंटकट्टीदारांनाच इथे जागा. मागाहून आलेल्याच्या अस्थी त्याच्या मूळ गावी न्याव्या लागत. ज्यांचं सासन, म्हणजे कुळाचं दफनस्थान, त्यांचीच जमीन. मुंडांचा सातबारा तो हाच.

जमीन कुळाची, एकट्याची नव्हे. गावाच्या प्रमुखालाही मुंडाच म्हणत, काही गावांच्या पट्टीवर मानकी. घरोघरचा चंदा, म्हणजे वर्गणी, हा प्रमुख गोळा करी, मानकी तो राजाला पोचवी. हा राजाला दिलेला मान होता, जमिनीचं भाडं नव्हतं. कंपनी सरकारने छोटा नागपूरच्या राजाला जमीनदार ठरवलं आणि सगळं फिरलं. राजाने गावंच्या गावं जागीरदारांना, ठेकेदारांना देऊन टाकली. त्यांनी चंद्याचा खंड केला, खंड थकला की जमीन काढून घेतली. वर बेठबेगारी: मालकाचं शेत फुकट नांगरा, त्याची ओझी वाहा.

1869 च्या कायद्याने जमिनींची मोजणी सुरू झाली, ती 1880 पर्यंत चालली. पण मागच्या 20 वर्षांत हिसकावलेली जमीनच परत मागता येत होती. लूट तर त्याच्या कितीतरी आधीपासूनची! शिवाय बहुतेक खुंटकट्टी गावांचे सामायिक हक्क नोंदीत आलेच नाहीत. शिळा जागेवर, कागद कोरा. मुंडा सरदार वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले. त्यात रानावर सरकारी बंधनं आली. सरपण आणि चराईही परवानगीची झाली.

24 डिसेंबर 1899 ला बिरसा मुंडांच्या हाकेने उलगुलान, म्हणजे मोठा उठाव, पेटलं. 7 जानेवारीला खुंटीच्या ठाण्यावर हल्ला झाला. 9 जानेवारीला सैल रकबच्या डोंगरावर बाण, गोफण आणि कुऱ्हाडी घेऊन उभ्या असलेल्या मुंडांवर इंग्रजांच्या बंदुका चालल्या. बायका-मुलंही मारली गेली. फेब्रुवारीत बिरसा पकडले गेले. 9 जून 1900 ला रांचीच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला.

मग मोजणी नव्याने झाली. 1908 च्या छोटा नागपूर कुळकायद्याने खुंटकट्टी मान्य केली आणि आदिवासींची जमीन बाहेरच्यांना विकण्यावर बंधन घातलं. तो कायदा आजही लागू आहे. 2016 मध्ये झारखंड सरकारने त्यात बदल करणारं विधेयक आणलं. गावोगाव विरोध झाला आणि 2017 मध्ये राज्यपालांनी ते परत पाठवलं.