सीझर : माणसाविरुद्ध उभा राहिलेला चिंपांझी

हा जो चिंपांझी स्क्रीनवर दिसतोय ना, त्याच्या अंगावरचा एकही केस खरा नाहीये. नजर मात्र खरी आहे, कारण ती अँडी सर्किस या अ‍ॅक्टरची आहे.

2011 च्या ऑगस्टमध्ये 'राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स' रिलीज झाला. त्याआधी 1968 चा चार्ल्टन हेस्टनचा मूळ पिक्चर गाजलेला, मग 1973 पर्यंत त्याचे चार सिक्वेल, मग 2001 मध्ये टिम बर्टनने परत एकदा करून बघितलं, आणि या सगळ्यांत वानर म्हणजे मेकअप चढवलेली माणसं. डायरेक्टर रुपर्ट वायटच्या या पिक्चरने माणसांवरचं वानरांचं राज्य आयतं दाखवलंच नाही, ते सुरू कुठून झालं तिथे आपल्याला नेलं.

सुरुवात होते सॅन फ्रान्सिस्कोच्या एका लॅबमध्ये. विल रॉडमन, म्हणजे जेम्स फ्रँको, अल्झायमरवर औषध शोधतोय, आणि त्याला घाई आहे कारण घरी वडीलच सगळं विसरत चाललेत. औषध चिंपांझींवर टेस्ट होतं, एक मादी बिथरते, तिला गोळ्या घालतात, आणि नंतर कळतं की ती पिसाळली नव्हती, तिला तिचं पिल्लू वाचवायचं होतं. ते पिल्लू म्हणजे सीझर. आईला दिलेलं औषध पोटातच त्याच्यात उतरलेलं. (आपल्या मुंबईची फ्रिडा पिंटोपण यात आहे, झूमधली डॉक्टर, पण तिच्या वाट्याला फारच कमी काम आलंय, वाईट वाटतं.)

पिक्चरचा खरा जीव मधल्या भागात आहे. विलच्या वडिलांवर शेजारी धावून जातो, सीझर त्याच्यावर हल्ला करतो, आणि कोर्ट त्याला वानरांच्या शेल्टरमध्ये पाठवतं. तिथे तो कोठडीच्या भिंतीवर घरातल्या खिडकीचा आकार काढतो, आणि पुढे स्वतःच्या हाताने पुसून टाकतो, बास, एक शब्द नाही, तरी आपल्याला सगळं समजतं. मग तो एकेकाला जोडत जातो, सर्कशीतून आलेला ओरांगउटान मॉरिस, गोरिला बक, आधी मारामारी केलेला रॉकेट. एक काडी पटकन मोडते, जुडी मोडत नाही, हे तो मॉरिसला हातांच्या खुणांनी समजावतो, आणि आपण ही गोष्ट लहानपणीच ऐकलेली असते म्हणून तो सीन थेट आत जातो.

आणि मग तो क्षण. शॉक देणारा दांडा घेऊन केअरटेकर अंगावर येतो, सीझर त्याचा हात धरतो आणि ओरडतो, "नो!" इतका वेळ पिक्चरने त्याला मुका ठेवलेला असतो त्याची किंमत इथे वसूल होते.

हे जमलं कसं? न्यूझीलंडच्या वेटा डिजिटल या व्हिज्युअल इफेक्ट्स कंपनीने अ‍ॅक्टर्सच्या सूटवर इन्फ्रारेड लाइट लावले, त्यामुळे मोशन कॅप्चर, म्हणजे अ‍ॅक्टरच्या हालचाली टिपून त्या कॉम्प्युटरवरच्या वानराला देणं, स्टुडिओबाहेर उन्हातसुद्धा करता आलं, तोंडासमोर छोटा कॅमेरा असायचा आणि चेहऱ्याची हालचाल त्यात टिपली जायची, म्हणजे सर्किस आणि फ्रँको खरोखर समोरासमोर उभे राहून सीन करत होते. शेवटी वानर आणि माणसांची लढाई होते त्या गोल्डन गेट ब्रिजचा सेट व्हँकुव्हरला उभारलेला. त्या ब्रिजवरच्या लढाईत सगळ्यात आवडतं ते हे, की या वानरांना शहर नकोच आहे, त्यांना पलीकडच्या रेडवूडच्या जंगलात जायचंय, आणि माणसांचा जीव घेऊ नका म्हणून सीझर स्वतः त्यांना अडवतो.

व्हिज्युअल इफेक्ट्ससाठी ऑस्कर नॉमिनेशन मिळालं, अवॉर्ड 'ह्यूगो' या पिक्चरने नेलं. सर्किसला अ‍ॅक्टिंगचं नॉमिनेशनसुद्धा नाही, आणि तो अन्यायच होता. 2014 आणि 2017 मध्ये मॅट रीव्हजने ही गोष्ट पुढे नेली, तेव्हाही सीझर सर्किसच होता, त्याच्याशिवाय ती पुढे गेलीच नसती.