बंद गाडीतला करंट

[पहाट. शेडखाली उभी गाडी. किल्ली फिरते.]

डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणतात. बॉनेटखालून टक-टक-टक असा आवाज येतो आणि थांबतो. सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, जागची हलत नाही. बॅटरीला मीटर लावलं, ११.४ व्होल्ट. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना १२.६ दाखवते. १२ च्या खाली आली की ती जवळपास रिकामीच समजायची.

गाडी वीस वर्षांहून जुनी आहे. शुक्रवारी रात्री उभी केली, तेव्हा तिची काही तक्रार नव्हती. आज सोमवार. मधल्या अडीच दिवसांत तिला कुणी हात लावलेला नाही.

भिंतीशी दोन जुन्या बॅटऱ्या दिसतायत ना? त्या याच गाडीच्या. आता बसवलेली तिसरी. दोन्ही वेळा ‘बॅटरी गेली’ एवढंच सांगण्यात आलं आणि नवी बसवली गेली. ती कशाने गेली, हे मात्र कुणी शोधलं नाही. या व्हिडिओत आपण तेच शोधणार आहोत.

[दहा नंबरचा पाना. काळी केबल सुटते.]

बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली होती. अर्धवट बॅटरीवर केलेल्या तपासणीला अर्थ नसतो.

वायरमनकाका आधी निगेटिव्ह सोडवतात, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला, तर थेट शॉर्ट. ठिणगी उडते, पाना जागेवर भाजून निघतो.

आता मीटर निगेटिव्ह टर्मिनल आणि सुटलेली केबल यांच्या मध्ये येतो. गाडीत जाणारा प्रत्येक कण करंट आता मीटरमधून जाणार. लाल वायर दहा अँपिअरच्या भोकात आहे, हे नीट पाहून घ्या. आणि हे जोडलेलं असताना सेल्फ मारायचा नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज क्षणात उडेल.

[दाराच्या लॉकमध्ये स्क्रू-ड्रायव्हर.]

हे बघण्यासारखं आहे. दार उघडंच आहे, पण काकांनी स्क्रू-ड्रायव्हरने त्याचं लॉक ‘बंद’ करून ठेवलंय. गाडीला वाटतं दार लागलं. आतला दिवा विझतो, आणि फ्यूज बॉक्सपर्यंत हात मात्र जातो.

मीटरवर सुरुवातीला १.८ अँपिअर. घाबरायचं नाही. सेंट्रल लॉकिंगसारख्या यंत्रणा झोपी जायला वेळ घेतात. वीस मिनिटं कुणी गाडीला हात लावायचा नाही. या वीस मिनिटांची घाई केली की पुढचं सगळं निदान चुकतं.

वीस मिनिटांनी आकडा स्थिरावला. ०.६१ अँपिअर.

घड्याळ, रेडिओची मेमरी, लॉकिंग, एवढ्यासाठी बंद गाडीने ०.०५ पर्यंत खाल्लं तर चालतं. इथे त्याच्या बारापट. गुणिले चोवीस तास, दिवसाला साडेचौदा अँपिअर-अवर. बॅटरी ४५ अँपिअर-अवरची. शुक्रवार रात्र ते सोमवार सकाळ हिशोब करा, छत्तीस गेले. गाडी कशी चालू होणार?

[फ्यूज एकेक निघतात. मीटरचा आकडा.]

एक फ्यूज काढायचा, आकडा बघायचा, फ्यूज परत लावायचा. हेडलाइट, तोच. वायपर, तोच. हॉर्न, तोच. खूप इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या नव्या गाडीत फ्यूज काढ-घाल केला की झोपलेली यंत्रणा पुन्हा जागी होते. तिथे फ्यूजच्या डोक्यावरच्या दोन टोकांवर मिलिव्होल्ट मोजलेले बरे. इथे साधी पद्धत पुरते.

नववा फ्यूज. ०.६१ वरून थेट ०.२०.

या फ्यूजवर आतला दिवा, डिकीचा दिवा, घड्याळ आणि रेडिओची मेमरी आहे. कमी झालेला करंट ०.४१. पाच वॅटचा बल्ब बारा व्होल्टवर साधारण एवढाच घेतो. आतला दिवा विझलेला तर आपल्याला दिसतोय.

फ्यूज परत लावला. चालू कॅमेऱ्याचा मोबाइल डिकीत ठेवला आणि झाकण लावलं.

[डिकीच्या आतून. झाकण खाली येतं.]

अंधार व्हायला हवा होता.

झाकणाचं जे रबर स्विच दाबतं, तेच पडून गेलंय. डिकी बंद असते आणि आत दिवा रात्रंदिवस जळत असतो. झाकण उघडून बघणाऱ्याला तो जळतानाच दिसणार. त्याने काय संशय घ्यायचा?

बरेच जण इथे थांबतात. दोष सापडला, बल्ब काढला, झालं. पण मीटर अजून ०.२० वर आहे, आणि खरं काम इथून पुढे आहे.

उरलेले सगळे फ्यूज काढून झाले. आकडा ०.१८. म्हणजे फ्यूज बॉक्सला वळसा घालून कुणीतरी करंट खातंय. या गाडीत असे दोनच जाड रस्ते बॅटरीपासून थेट निघतात, एक सेल्फचा आणि दुसरा डायनामोचा. पुस्तकात त्याला अल्टरनेटर म्हणतात.

गाडीच्या मालकीणबाई विचारतात, “काका, डायनामो चार्जिंग तर देतोय ना?”

“देतोय की, ताई. १४.१ देतोय. आता बंद असताना काय करतो ते बघू.”

बॅटरी बदलताना दोन्ही वेळा इथेच चूक झाली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ व्होल्ट मिळाले की डायनामो ठीक, असं मानून पुढे जातात. पण डायनामोत डायोड असतात. करंट बॅटरीकडे जाऊ द्यायचा, उलट येऊ द्यायचा नाही, हे त्यांचं काम. एखादा डायोड अर्धवट खराब झाला, तर चार्जिंग होत राहतं आणि गाडी बंद केल्यावर त्याच वाटेने करंट डायनामोच्या गुंडाळीत शिरतो. हळूहळू, रात्रभर.

डायनामोच्या मागचा बोल्ट कायम जिवंत असतो, म्हणून मीटर काढून निगेटिव्ह पूर्ण मोकळं. मग जाड वायर सोडवली, तिच्या टोकाला टेप गुंडाळली, मीटर पुन्हा जोडला. थांबलो.

[मीटर. जवळून.]

०.००.

डायोडची प्लेट बदलली, डिकीला नवं रबर बसलं, सगळे फ्यूज परत लावले. आता ०.०३. भिंतीशी पडलेल्या दोन बॅटऱ्याही चार्ज करून तपासल्या. पहिली रिकामी पडून पडून आतल्या प्लेटांवर सल्फेट धरून बसली होती, ती गेली. दुसरी चांगली आहे.

[शुक्रवार संध्याकाळ. गाडी शेडखाली. सोमवार सकाळ. किल्ली.]